कळलंकाका

आमच्या कासारवडवलीच्या संकुलात जिन्याने ये-जा करणारी माणसं पुष्कळ आहेत. तब्येतीसाठी नव्हे. लिफ्टमध्ये कळलंकाका असतात.

त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या बिलावर असतं आणि तिथेच राहतं. लिफ्टचं दार मिटलं की ते समोरच्याला "आज काय कळलं, सांगू?" असं विचारतात, उत्तराची वाट न बघता सांगून टाकतात, आणि तुमचा मजला आला की दारात हात आडवा धरून "कळलं का?" म्हणून पोचपावती मागतात. तळमजल्यापासून चौदाव्या मजल्यापर्यंत एक माहिती ऐसपैस बसते. मध्येच कोणी चढलं, तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. अर्धी ऐकलेली माहिती पुढे साडूंच्या हाती लागते, असं त्यांचं म्हणणं. साडूंबद्दल पुढे येईलच.

असा माणूस प्रत्येक वस्तीत एक असतो. पण घोडबंदर रोडवर तो जितका फोफावतो तितका दुसरीकडे नाही, असं माझं मत आहे. दादरच्या चाळीत त्याला कोणी दोन मिनिटं दिली नसती, आणि डोंबिवलीच्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये तोंड उघडायलाही जागा लागते. इथे माजिवडा ते गायमुख या पट्ट्यात माणूस एकदा गाडीत बसला की तो कुठेही जात नाही. एका हाताला गुजरातकडे निघालेला कंटेनर, दुसऱ्या हाताला मेट्रोचा खांब, समोर दुसरा कंटेनर. अशा वेळी शेजारच्या सीटवरचा गृहस्थ म्हणाला की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, तर तुम्ही काय करणार? ऐकून घेता. वर, तीनच का, असंही विचारता.

निवृत्त होण्यापूर्वी काका एका विमा कंपनीत दावे तपासायचे. माणूस खरोखर गेला की नाही हे कागद बघून ठरवायचं, असलं काम. निवृत्तीनंतर तीच नजर त्यांनी उरलेल्या जगाकडे वळवली. दर वर्षी कुठून तरी फुकट मिळालेली एक जाड डायरी, तिच्या प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले सात चौकोन. रोजचा एक. त्या आठवड्यात जे नव्याने कळलं तेवढंच लिहायचं, आधीपासून ठाऊक असलेलं घुसडायचं नाही. रविवारी संध्याकाळी त्या सातही गोष्टी सुवाच्य अक्षरात एका कागदावर उतरतात आणि तळमजल्याच्या सूचनाफलकावर लागतात, 'उद्या सकाळी पाणी कमी दाबाने येईल' आणि 'ओला कचरा वेगळा ठेवावा' यांच्या मधोमध. प्रत्येक गोष्टीपुढे शेरा असतो. शेरे तीनच: 'पक्कं', 'बहुतेक' आणि 'साडू'.

काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान डोंबिवलीला असतात आणि रोज पहाटे साडेपाचला फोनवर ज्ञान पाठवतात. 'जन गण मन'ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, चंद्रावरून चीनची भिंत दिसते, माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, हे सगळं तिकडून आलेलं. युनेस्कोने असलं काही ठरवलेलं नाही, चंद्रावरून भिंत दिसत नाही, आणि मेंदू सगळाच्या सगळा कामाला येतो. काका हे निवांतपणे तपासतात, पुढे 'साडू' लिहितात आणि तरीही फलकावर लावतात. खोटी माहितीसुद्धा माहितीच, फक्त तिच्यावर मालकाचं नाव हवं, असा त्यांचा नियम.

एकदाच पंचाईत झाली. ऑक्टोपसची तीन हृदयं साडूंकडूनच आली होती. काकांनी सवयीने शेरा मारला, पण तपासल्याशिवाय चैन पडेना. बस पकडून ठाणे स्टेशनच्या बाजूला मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. 1893 साली सुरू झालेली ही संस्था म्हणजे त्यांचं दर आठवड्याचं माहेर. तिथे पुस्तक उघडलं, तर साडू खरे निघाले. दोन हृदयं कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं बाकीच्या अंगाला पुरवतं. शिवाय रक्त निळसर असतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. हे निळं रक्त साडूंना ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो दिलासा. काकांनी 'साडू' खोडून 'पक्कं' लिहिलं. डोंबिवलीला फोन मात्र केला नाही.

त्याच ग्रंथसंग्रहालयात श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशासमोर उभं राहून काका कधी कधी सुस्कारा सोडतात. 23 खंड! आदर आहेच, पण थोडी असूयाही आहे. "त्यांच्याकडे संपादक मंडळ होतं हो," ते म्हणतात. "माझ्याकडे ही आहे."

'ही' म्हणजे काकू. काकूंना सातही चौकोन चुलीपुढे उभ्याने ऐकावे लागतात. त्या बहुतेक वेळा ऐकून सोडून देतात, पण एका एकादशीला तसं झालं नाही. काकू साबुदाण्याची खिचडी परतत होत्या. काका ताटलीसमोर बसले आणि म्हणाले, "यातलं आपलं काय आहे, कळलं का तुला?"

"सगळं आपलंच आहे. वाण्याचे पैसे मी दिलेत."

"तसं नव्हे. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा, डोंगरातला. हिरवी मिरची अमेरिकेतली. कोलंबस तिकडे पोचला 1492 ला. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली 1296 ला. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींनी मिरची पाहिलेलीच नाही!"

काकूंचा कालथा थांबला. "आणि रताळं?"

"तेही तिकडचं."

"राजगिरा?"

"राजगिरासुद्धा. म्हणजे तुझा हा जो उपास आहे ना, तो आषाढी-कार्तिकीला अख्खा अमेरिकेहून येतो."

काकू काही बोलल्या नाहीत. काकांना वाटलं, पोचलं. पुढच्या एकादशीला ताटात वरीचे तांदूळ आले. नुसते. वर साजूक तूप आणि मिऱ्याची चिमूटभर पूड. दाण्याची आमटी नाही, बटाट्याची भाजी नाही, मिरची तर नाहीच. "माउलींच्या वेळचा उपास आहे," काकू म्हणाल्या, "खा." काकांनी तो भात खाली मान घालून संपवला. त्या रविवारी फलकावर पाचव्या क्रमांकाला लिहिलं होतं: 'वरीच्या तांदळाला मिरचीशिवाय चव येत नाही. पक्कं.' त्यानंतरच्या एकादशीपासून खिचडी पूर्ववत सुरू झाली, हिरव्या मिरचीसकट.

काकांना खरा त्रास होतो तो एकाच प्रश्नाचा. "मग?" आमचे सेक्रेटरी विक्री खात्यात आहेत, आणि ऐकलेल्या प्रत्येक वाक्याचं पुढे काय होणार हे त्यांना लागलीच हवं असतं. काकांनी सांगितलं की रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवं असेल तर राज्य मार्ग. सेक्रेटरी म्हणाले, "मग?" काकांनी सांगितलं की पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक खात्यातले मोठे अधिकारी असून संस्कृतात कविता करायचे. सेक्रेटरी म्हणाले, "मग?" काका म्हणतात, "मग काही नाही. कळलं, एवढंच."

हे 'मग काही नाही' ते ओशाळून म्हणत नाहीत. आमच्या रस्त्यावर जे काही लोकांना ठाऊक असतं ते कशासाठी तरी असतं. अमुक इमारतीत चौरस फुटाचा भाव काय, कापूरबावडीला डावीकडून घुसलं तर किती मिनिटं वाचतात, कोणत्या शाळेत कोणाची ओळख चालते. काकांच्या सात चौकोनांत असलं काही येत नाही. वेलणकरांमुळे कुठलं पार्सल लवकर येत नाही, उलट पिन कोड, विंग, मजला, सगळं नीट लिहिलेलं असताना डिलिव्हरीचा पोरगा गेटवरून फोन करून "लँडमार्क काय?" असं विचारतोच. काका त्याला लँडमार्क सांगतात आणि मग वेलणकर सांगतात.

मैलाच्या दगडाचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. आपल्या रस्त्याचा हिरवा दगड स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा म्हणून एका सकाळी कासारवडवलीहून ओवळ्यापर्यंत चालत गेले. मेट्रोचे पत्रे, खोदकामाची माती, ड्रेनेजची झाकणं, सगळं बघितलं. दगड काही सापडला नाही. बिल्डरांच्या पाट्या सापडल्या, आणि त्यांवर अंतर लिहिलेलं होतं. रविवारी फलकावर आलं: 'ठाणे स्टेशन फक्त 10 मिनिटांवर. साडू.' त्या आठवड्यात फलकापुढे पहिल्यांदा गर्दी झाली. भाडेकरूंनी फोटो काढले.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा श्रोतृवर्ग त्यांना बसमध्ये लाभला. स्टेशनहून परतताना बस माजिवड्याच्या अलीकडे बंद करून ठेवल्यासारखी उभी होती. ड्रायव्हरने इंजिन थांबवलं, म्हणजे आता आशा नाही. कंडक्टर काकांच्या शेजारच्या दांडीला टेकला. काका म्हणाले, "शुक्रावर मोठमोठी विवरं आहेत आणि त्यांना बायकांचीच नावं देतात, हे मला आज कळलं."

कंडक्टर म्हणाला, "बरं."

"त्यातल्या एका विवराचं नाव जोशी. डॉक्टर आनंदीबाई जोशी. अमेरिकेतून 1886 ला डॉक्टर होऊन आल्या, पुढच्याच वर्षी गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. जन्म कल्याणचा."

कंडक्टर दांडी सोडून सरळ उभा राहिला. "कल्याणचा? आमच्या?"

"तुमच्या."

पुढचं सगळं कंडक्टरने केलं. त्याने तिकिटाच्या मशीनने दांडीवर टकटक केली आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की शुक्र ग्रहावर कल्याणच्या बाईच्या नावाची जागा आहे. मागून कोणी तरी विचारलं, "केवढी जागा?" दुसऱ्याने विचारलं, "शुक्र म्हणजे तो संध्याकाळी दिसतो तोच का?" एका बाईने कानातलं यंत्र काढून शेजारणीला काय झालं विचारलं. डोंबिवलीचं काही आहे का तिकडे, अशीही चौकशी झाली. काका खिडकीशी नुसते बसून होते. बस सुटली तेव्हा कंडक्टर अजून पुढच्या दारातल्यांना समजावत होता, आणि त्या नादात मानपाड्याला उतरणारे दोघे ब्रह्मांडला उतरले. बसमध्ये "मग?" असं एकानेही विचारलं नाही, हे काकांनी मला तीनदा सांगितलं.

माहिती उपयोगी पडली की मात्र काका अस्वस्थ होतात. मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या मुलीच्या ओठांभोवती लालसर पुरळ उठलं. आईने टूथपेस्ट बदलली, आइसक्रीम बंद केलं, गादी-उशी उन्हात टाकली. लिफ्टमध्ये काका भेटले आणि नेहमीच्या स्वरात म्हणाले, "आंबा, काजू, पिस्ता आणि बिब्बा ही सगळी एकाच कुळातली मंडळी, कळलं का?" आई दमलेली होती. म्हणाली, "काका, बिब्ब्याचं कशाला काढताय आत्ता?" काका म्हणाले, "बिब्बा अंगावर उततो ना, तसला थोडा गुण आंब्याच्या देठाकडच्या चिकातही असतो." आईने मुलीकडे बघितलं. मुलगी रोज दोन आंबे देठाकडून दातांनी फोडून चोखत होती.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आंबा धुऊन, देठाकडची चकती उडवून, सोलून द्यायला लागल्यावर पुरळ बसलं. संकुलात काकांचा बोलबाला झाला. आईने पेढे पाठवले. काका पेढे खाऊन खिन्न. डायरीत त्या चौकोनापुढे त्यांनी लिहिलं: 'पक्कं. पण ही कामाला लागली.' पुढे पंधरा दिवस लोक लिफ्टमध्ये त्यांना मुद्दाम गाठून गुडघे, पित्त आणि केस गळणं यांबद्दल विचारत होते, आणि काका जिन्याने जात होते.

त्या मुलीला मात्र काकांची चटक लागली. तिला उपयोग नको असतो, तिला 'का' हवं असतं, आणि त्यामुळे काकांना हल्ली ग्रंथसंग्रहालयात आठवड्यातून दोनदा जावं लागतं. सोसायटीच्या सभेला काका हमखास अर्धा तास उशिरा येतात. तिने एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मी वेळेवरच आलोय. 1955 पर्यंत मुंबईचं घड्याळ वेगळं होतं, भारतीय वेळेच्या 39 मिनिटं मागे. मी ते पाळतो." ती म्हणाली, "का मागे?" मग काकांनी तिला पायरीवर बसवून खडूने रेषा काढून दाखवली. देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेलं आहे. ठाणे तिच्या साडेनऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर, सुमारे 38 मिनिटांनी. वर्षभरात त्यातही काही मिनिटांची कमी-जास्त होते. ती म्हणाली, "अगदी बरोब्बर डोक्यावर?" आणि काका तिथे अडकले. कारण बरोब्बर डोक्यावर तो रोज येत नाही.

वर्षातून दोनच दिवस येतो. ठाण्याला एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैत आभाळ भरलेलं, तेव्हा मेच खरा. काकांनी गच्चीची किल्ली मागितली. सेक्रेटरी म्हणाले, "कशाला?" काका म्हणाले, "उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, ती बघायला." सेक्रेटरी म्हणाले, "मग?" किल्ली मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी कुरडया वाळत घालायला किल्ली मागितली. ती मिळाली, कारण उन्हाळ्यात कुरडयांना नाही म्हणायची कोणत्याही सेक्रेटरीची छाती नसते.

ठरल्या दिवशी गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर कुरडया, कावळे हाकलायला काकू, आणि पाण्याच्या टाकीशेजारी काका. प्लंबरकडून मागून आणलेला हातभर लांबीचा पाइपचा तुकडा त्यांनी एका पाटावर उभा केला होता. तो सरळ आहे की नाही हे बघायला दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा. सव्वाबाराला पाइपची सावली दोन बोटं होती. साडेबाराला करंगळीच्या नखाएवढी. ती मुलगी पालथी पडून बघत होती. कपाळाला घाम, हनुवटीला गच्चीची धूळ. वॉचमनही डबा तसाच हातात धरून उभा. तेवढ्यात सेक्रेटरी वर आले, किल्लीचा हिशेब विचारायला.

12 वाजून 35 मिनिटांच्या सुमाराला सावली गेली. पाइपच्या बुडाशी चहूकडे पांढरं ऊन. मुलगी किंचाळली. वॉचमनने कठड्यावरून खाली बघितलं आणि म्हणाला, "साहेब, बिल्डिंगची पण गेली!" खरंच गेली होती. एकतीस मजल्यांची इमारत, आणि तिच्या सावलीत रोज बसची वाट बघणारी माणसं भर उन्हात उभी राहून वर बघत होती. सेक्रेटरींनी स्वतःची सावली पायाशी शोधली. पोटामुळे त्यांना ती दिसली नसावी.

"मग?" ते म्हणाले.

"मग काही नाही," काका म्हणाले. "थोड्या वेळात दुसऱ्या बाजूने येईल."

सेक्रेटरी खाली जातील असं वाटलं होतं. ते थांबले. पाइपच्या पलीकडच्या बाजूला बारीक काळी कोर उमटेपर्यंत थांबले, आणि मग पुन्हा कधी, असं विचारून गेले. त्या रविवारी फलकावर दोन नोंदी लागोपाठ होत्या: 'सावली जाते आणि येते. पक्कं.' आणि 'कुरडयांना अजून एक ऊन लागेल. बहुतेक.'

ज्यांना हे घरबसल्या बघायचं आहे त्यांच्यासाठी: मुंबई-ठाण्यात हा दिवस मेच्या मध्यावर असतो, पुण्यात त्याच्या एक-दोन दिवस आधी, कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास आणि नागपुरात महिनाअखेरीस. एक स्टीलचा पेला पुरतो. गच्चीची किल्ली मात्र आदल्या दिवशीच मागून ठेवा, आणि कारण विचारलं तर कुरडया सांगा.